आंवळ्यांची मोट : आयर्लंडचें पहिलें संयुक्त मंत्रिमंडळ

(नभोवाणीवरील भाषण)



शाळेंत इतिहास शिकवितांना माझी एक तक्रार असे. राजे आणि लढाया यांचीं पानें मुलें आवडीनें वाचीत. मंत्रिमंडळाचें पान आलें कीं मात्र अर्धा वर्ग खिडकीबाहेर पाहूं लागे. त्यांत मुलांचा दोष मी मानीत नाहीं. मंत्र्यांची व खात्यांची यादी ही कोरडी वस्तु खरी. पण तीच यादी जरा थांबून वाचावी. कोणती खुर्ची कोणाला मिळाली व कां मिळाली, कोण कोणाच्या शेजारीं बसावयास तयार झाला, मध्येंच कोण उठून गेला, हें विचारावें. म्हणजे त्या कोरड्या यादींतून एका राष्ट्राचें सुखदुःख बोलूं लागतें. आज अशीच एक तेरा नांवांची यादी मी आपणांपुढें वाचणार आहें. ती आयर्लंडची आहे आणि १९४८ सालची आहे.

आयर्लंडचें नांव महाराष्ट्राला परकें नाहीं. १९१६ सालीं लोकमान्यांनीं आपल्या संघाला 'होमरूल' हें नांव दिलें, तें आयरिश चळवळींतूनच आलेलें होतें. आणि नरसिंह चिंतामण केळकरांनीं तर त्या देशाचा इतिहासच मराठींत लिहून ठेविला. परंतु आपल्या मनांतील आयर्लंडची कथा बहुधा स्वातंत्र्यापाशीं येऊन थांबते. स्वातंत्र्य हातीं आल्यावर त्या घरांतील माणसें एका ताटाशेजारीं दुसरें ताट मांडून कशीं बसलीं, ही गोष्ट आपण क्वचितच ऐकतों.

तीं सहजासहजीं बसलीं नाहींत. १९२१ च्या डिसेंबरांत ब्रिटनशीं तह झाला आणि त्या तहावरूनच आयरिश लोकांत फूट पडली. तह मान्य करणारे व न करणारे यांच्यांत १९२२-२३ सालीं यादवी युद्ध झालें. काल खांद्याला खांदा लावून लढलेले सोबती एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले. तहवाल्यांच्या सरकारनें विरोधकांना गोळ्या घालून देहान्त शिक्षा दिल्या. त्यांचा ७७ हा आंकडा पुढें पिढ्यान्‌पिढ्या आयरिश राजकारणांत शिवीसारखा वापरला गेला. तहवाल्यांचा पक्ष कालांतरानें फिने गेल या नांवानें ओळखला जाऊं लागला. विरुद्ध बाजूंतून इमॉन डी व्हॅलेरा यांनीं १९२६ सालीं फियाना फॉल हा पक्ष काढला, १९३२ सालीं राज्यकारभार हातीं घेतला, आणि एकामागून एक निवडणुका जिंकीत तो सोळा वर्षें सोडला नाहीं.

महायुद्ध संपून दोन वर्षें झालीं तरी टंचाई व महागाई हटली नव्हती, आणि लोक त्याच त्या चेहऱ्यांना कंटाळले होते. अशा वेळीं शॉन मॅकब्राइड या तडफदार बॅरिस्टरानें १९४६ सालीं क्लॅन ना पोब्लाख्ता, म्हणजे 'प्रजासत्ताकाचें कुळ', हा नवा पक्ष उभारला. १९४७ च्या ऑक्टोबरांत तीन पोटनिवडणुका झाल्या. त्यांतील दोन या नव्या पक्षानें जिंकल्या. हें रोपटें वाढण्यापूर्वींच उपटावें या हेतूनें डी व्हॅलेरांनीं मुदतीपूर्वीं सार्वत्रिक निवडणूक पुकारली. ती ४ फेब्रुवारी १९४८ रोजीं झाली.

निकालाचे आंकडे पाहाण्यासारखे आहेत. आयरिश लोकसभेंत, म्हणजे डॉइलमध्यें, त्या वेळीं १४७ जागा होत्या. फियाना फॉलला ६८ मिळाल्या. फिने गेलला ३१, मजूर पक्षाला १४, मॅकब्राइडांच्या पक्षाला १०, क्लॅन ना तालून या शेतकऱ्यांच्या पक्षाला ७, आणि मजुरांतून १९४४ सालीं फुटून निघालेल्या राष्ट्रीय मजूर पक्षाला ५. या पांचहि पक्षांची बेरीज करा : ६७ भरते. म्हणजे पांच पक्ष एकत्र आले तरी डी व्हॅलेरांपेक्षां एकानें उणेच! उरलेले बारा जण कोणत्याच पक्षाचे नव्हते, आणि सरकार कोणाचें हें त्यांच्या हातीं होतें.

आपल्याकडे आंवळ्यांची मोट म्हणतात. आंवळा गुळगुळीत व वाटोळा. मोट कितीहि आवळून बांधली तरी एक आंवळा निसटला कीं सगळे घरंगळतात. डी व्हॅलेरांनीं हाच हिशेब केला असावा. संयुक्त सरकार या प्रकारावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि ही मंडळी एकत्र नांदतील असें देशांत फारसें कोणालाच वाटत नव्हतें.

पहिली अडचण पंतप्रधानपदाची होती. फिने गेल हा या पांचांतील सर्वांत मोठा पक्ष. त्याचे पुढारी रिचर्ड मल्काही. साध्या रीतीनें तेच पंतप्रधान व्हावयाचे. परंतु यादवीच्या काळीं सरकारी सैन्याचे सरसेनापति हेच होते, आणि देहान्त शिक्षांचें स्मरण त्यांच्या नांवाशीं जडलेलें होतें. मॅकब्राइडांचा पक्ष जुन्या प्रजासत्ताकवाद्यांनीं भरलेला. मल्काहींच्या हाताखालीं काम करणें त्यांना अशक्य होतें. तेव्हां मल्काहींनीं जें केलें तें माझ्या मतें या सगळ्या कथेंतील सर्वांत मोठें कृत्य आहे. ते पुढारी असूनहि बाजूला झाले व शिक्षणखातें पत्करून दुसऱ्याच्या हाताखालीं बसले. तो दुसरा म्हणजे जॉन कॉस्टेलो. हे नामांकित बॅरिस्टर, पूर्वीं सरकारचे मुख्य कायदेसल्लागार. यादवींत त्यांच्या हाताला रक्त लागलेलें नव्हतें हाच त्यांचा मोठा गुण ठरला. भरभराटीची वकिली सोडावयास ते नाखूष होते. मित्रांनीं आग्रह केला, तेव्हां कोठें त्यांनीं होकार दिला. १८ फेब्रुवारी १९४८ रोजीं डॉइलनें ७५ विरुद्ध ६८ मतांनीं त्यांना पंतप्रधान निवडलें.

आतां ती तेरा नांवांची यादी. फिने गेलकडे सहा खुर्च्या : पंतप्रधान कॉस्टेलो, अर्थखात्यावर पॅट्रिक मॅकगिलिगन, शिक्षणावर मल्काही, उद्योग व व्यापारावर डॅनियल मॉरिसी, संरक्षणावर टॉमस ओहिगिन्स, न्यायखात्यावर शॉन मॅकोन. मजूर पक्षाला दोन : विल्यम नॉर्टन हे उपपंतप्रधान व समाजकल्याणमंत्री, आणि स्थानिक स्वराज्याचे मंत्री टी. जे. मर्फी. मॅकब्राइडांच्या पक्षाला दोन : स्वतः मॅकब्राइड परराष्ट्रखात्यावर आणि डॉक्टर नोएल ब्राउन आरोग्यखात्यावर. शेतकरी पक्षाचे जोझेफ ब्लोविक जमीनखात्यावर, राष्ट्रीय मजुरांचे जेम्स एव्हरेट टपालखात्यावर, आणि अपक्षांपैकीं जेम्स डिलन शेतकीखात्यावर.

या तेरा जणांत दोघांकडे विशेष लक्ष द्यावें असें मी सुचवितों. संरक्षणमंत्री ओहिगिन्स यांच्या वडिलांना १९२३ सालीं तहविरोधकांनीं ठार केलें होतें; त्यांचे बंधु केव्हिन ओहिगिन्स मंत्री असतांना १९२७ च्या जुलैंत रस्त्यांत त्यांचा खून झाला. त्या खुनानंतर पोलिसांनीं ज्यांना पकडलें त्यांत शॉन मॅकब्राइड होते. खुनाच्या वेळीं ते देशाबाहेर होते असें निष्पन्न झालें. परंतु पुढें तेच मॅकब्राइड कांहीं काळ बंडखोर सेनेचे प्रमुख झाले, हेंहि खरें. एकवीस वर्षांनंतर हे दोघे एका मेजाशीं बसून एका सरकारचा कारभार पाहूं लागले. मंत्रिमंडळांची यादी कोरडी असते असें म्हणणाऱ्याला मी हीं दोन नांवें दाखवीन.

आतां नियम काय सांगतो तें पाहूं. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेप्रमाणें मंत्रिमंडळ सातांहून लहान व पंधरांहून मोठें असूं नये. त्यानें एकत्र बसून एकमुखानें कारभार करावा. आणि पंतप्रधान कोणाहि मंत्र्याला केव्हांहि राजीनामा मागूं शकतो. कागदावर हा अधिकार मोठा आहे. एका पक्षाचें सरकार असेल तर तो खराहि असतो. परंतु कॉस्टेलोंच्या मंत्रिमंडळांत खुर्ची माणसाला दिलेली नव्हती. ती पक्षाला दिलेली होती. दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याला पंतप्रधानानें हात लावावा तर तो पक्षच उठून जावयाचा. तीन वर्षांत या मंत्रिमंडळांत जे फेरबदल झाले त्यांतून ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

पहिला बदल मृत्यूनें घडविला. १९४९ च्या एप्रिलांत मर्फी वारले. त्यांच्या जागीं कोण येणार याची चर्चाच झाली नाहीं. खुर्ची मजूर पक्षाची, तेव्हां मजूर पक्षाचेच मायकेल कीज तेथें आले.

दुसरा प्रसंग न झालेल्या बदलाचा आहे. १९५० च्या अखेरीस विक्लो परगण्यांतील बाल्टिंग्लास या लहानशा गांवीं पोस्टाची जागा रिकामी झाली. १८७० पासून तें काम एकाच कुटुंबाकडे होतें व त्या घरांतील बाई तें चोख चालवीत होत्या. टपालमंत्री एव्हरेट हे त्याच परगण्याचे प्रतिनिधि. त्यांनीं ती जागा आपल्या राजकीय स्नेह्याच्या मुलाला दिली. गांव दुभंगलें, सभा झाल्या, तारेचे खांब पाडले गेले, वर्तमानपत्रांतून मजकूर येऊं लागला. शेवटीं नेमलेल्या गृहस्थांनींच जागा सोडली व ती त्या बाईंना परत मिळाली. गोष्ट एका खेडेगांवच्या पोस्टाची. पण तिनें सरकारची अब्रू घालविली. इतकें होऊनहि एव्हरेट आपल्या खात्यावर शेवटपर्यंत राहिले. एका पक्षाच्या सरकारांत त्यांचें खातें निदान बदललें असतें.

तिसरा बदल ७ मार्च १९५१ रोजीं झाला, आणि तो मोठ्या सफाईनें झाला. ओहिगिन्स संरक्षणांतून उद्योगखात्यांत गेले, मॉरिसी उद्योगांतून न्यायखात्यांत, आणि मॅकोन न्यायखात्यांतून संरक्षणांत. तीन माणसें, तीन खुर्च्या. ना कोणी आंत आला, ना कोणी बाहेर गेला. मुख्याध्यापक तीन शिक्षकांचे तास आपसांत बदलतात तसाच हा प्रकार. पण तिघेहि फिने गेलचे होते हें विसरूं नये. पंतप्रधानाची सत्ता स्वतःच्या पक्षाच्या भिंतीपर्यंत चालत होती. भिंतीपलीकडे ती कशी थांबे, हें पांचच आठवड्यांनीं दिसून आलें.

डॉक्टर नोएल ब्राउन हे आरोग्यमंत्री झाले तेव्हां अवघे ३२ वर्षांचे होते, आणि डॉइलमधील त्यांचा तो पहिलाच दिवस होता. त्यांचे आईबाप क्षयानें गेले होते. स्वतः त्यांनाहि तो रोग झाला होता. मंत्री होतांच त्यांनीं क्षयावर मोहीम उघडली. रुग्णालयांसाठीं सोडतींतून जमलेला निधि आजपर्यंत व्याजापुरता वापरला जाई. त्यांनीं मुद्दलालाच हात घातला व क्षयरोग्यांसाठीं नव्या खाटा उभारल्या. नवीं औषधेंहि त्याच सुमारास आलीं, आणि मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरूं लागलें. लोक या तरुण मंत्र्याला दुवा देऊं लागले.

यानंतर त्यांनीं मातांची व बालकांची योजना हातीं घेतली. प्रत्येक मातेला व सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलाला सरकारी खर्चानें वैद्यकीय मदत मिळावी, आणि तुझी मिळकत किती हें कोणालाहि विचारूं नये, असें तिचें स्वरूप होतें. तिचा पाया डी व्हॅलेरांच्या सरकारनें १९४७ च्या आरोग्य कायद्यांतच घातला होता. पण दोन बलाढ्य पक्ष विरोधाला उभे राहिले. डॉक्टरांच्या संघाला भय वाटलें कीं आपण सरकारचे नोकर होऊं. कॅथलिक बिशपांना वाटलें कीं कुटुंबाच्या अधिकारांत सरकार पाऊल टाकीत आहे, आणि मातांना आरोग्याचें शिक्षण देण्याच्या निमित्तानें धर्माला न मानवणारी शिकवण घरांत शिरेल. १० ऑक्टोबर १९५० रोजीं बिशपांनीं पंतप्रधानांना तसें लेखी कळविलें.

पुढील सहा महिन्यांची हकीकत वाचतांना मन खिन्न होतें. ब्राउन बिशपांना भेटले व त्यांचें समाधान झालें असें समजून परतले. बिशपांचें मत अगदीं उलट होतें. ब्राउन यांनीं लेखी उत्तर तयार करून पंतप्रधानांकडे दिलें. तें कित्येक महिने पुढें धाडलेंच गेलें नाहीं. मंत्रिमंडळाच्या बैठकींतहि गोष्टी अशाच धूसर राहात. डी व्हॅलेरांच्या वेळचे मुख्य सचिव आपले नव्हेत या संशयानें त्यांना बैठकीबाहेर ठेवलें होतें. त्यामुळें कोणता निर्णय केव्हां व कोणत्या शब्दांत झाला यावर पुढें सहकाऱ्यांतच वाद माजले. १९४८ च्या सप्टेंबरांत कॉस्टेलोंनीं कॅनडांत ऑटावा येथें आयर्लंड ब्रिटिश राजाशीं उरलेला संबंध तोडणार असें जाहीर केलें, तेव्हांहि हा प्रश्न निघाला होता. तो वाद निभावला, कारण त्या ध्येयावर सर्वांचें एकमत होतें. १८ एप्रिल १९४९ रोजीं, ईस्टरच्या सोमवारीं, आयर्लंड प्रजासत्ताक झालें व राष्ट्रकुलांतून बाहेर पडलें. योगायोग असा कीं दहाच दिवसांनीं लंडनच्या जाहीरनाम्यानें भारताला प्रजासत्ताक होऊनहि राष्ट्रकुलांत राहाण्याची वाट मोकळी झाली. आरोग्याच्या प्रश्नावर मात्र एकमत नव्हतें, आणि तें नाहीं हें वेळेवर कोणी उघड बोललेंहि नाहीं.

४ एप्रिल १९५१ रोजीं बिशपांनीं योजना अमान्य ठरविली. ६ एप्रिलला मंत्रिमंडळानें ती सोडून दिली. १० एप्रिलला ब्राउन यांच्याकडे राजीनामा मागण्यांत आला. तो मागितला कोणी? घटनेनें ज्याला अधिकार दिला त्या पंतप्रधानानें नव्हे. ब्राउन यांच्या पक्षाचे पुढारी मॅकब्राइड यांनीं! खुर्ची पक्षाची होती, म्हणून ती परत मागण्याचा मान पक्षप्रमुखाचा. ११ तारखेस ब्राउन यांनीं राजीनामा दिला आणि सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांच्या हवालीं केला. १२ एप्रिलच्या सकाळीं आयरिश लोकांनीं आपलें सरकार धर्मपीठापुढें कसें बोललें तें अक्षरशः वाचलें. बिशपांचा निर्णय आपण मानतों, असें कॉस्टेलोंनीं डॉइलमध्यें उघडपणें सांगितलें, आणि आरोग्यखातें त्यांनीं स्वतःकडे घेतलें.

एक आंवळा निसटला होता. त्यापाठोपाठ दुधाच्या दरावरून कांहीं ग्रामीण सभासदांनींहि पाठिंबा काढला, आणि मे महिन्यांत डॉइल विसर्जित झालें. ३० मे १९५१ च्या निवडणुकींत फिने गेलच्या जागा ३१ वरून ४० वर गेल्या. मॅकब्राइडांच्या पक्षाच्या १० वरून २ वर आल्या. संयुक्त सरकारचें श्रेय मोठ्या भावानें नेलें व भुर्दंड धाकट्याला बसला. जूनमध्यें डी व्हॅलेरा पुन्हा पंतप्रधान झाले, आणि त्यांना मत देणाऱ्या अपक्षांत डॉक्टर ब्राउन होते.

मग दोष कोणाचा? मी मुलांना हा प्रश्न विचारीत असें, आणि बहुतेक सारा वर्ग ब्राउन यांच्या बाजूनें हात वर करी. माझाहि हात बहुधा तिकडेच जातो; कारण गरीब आईला आपलें दारिद्र्य सिद्ध केल्यावांचून औषध मिळावें, यापेक्षां न्याय्य मागणी कोणती? पण न्याय्य मागणीच्या माणसाला सहकारी जोडावे लागतात, आणि ती चिकाटी ब्राउन यांच्यापाशीं कमी होती, हेंहि मुलांना सांगणें माझें कर्तव्य होतें. याहून मोठा दोष मात्र त्या बारा जणांचा मानावा लागेल. ऑक्टोबरांत जें स्पष्ट सांगावयाचें तें त्यांनीं एप्रिलपर्यंत मनांत ठेवलें. शत्रूंना क्षमा करून एकत्र बसण्याइतकें त्यांचें मन मोठें होतें. मित्राला तोंडावर 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य मात्र त्यांना झालें नाहीं.

तरीहि हा प्रयोग फुकट गेला असें मी म्हणणार नाहीं. १९५४ सालीं कॉस्टेलो पुन्हा संयुक्त सरकार घेऊन आले. मॅकब्राइडांना १९७४ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. एकट्यानेंच राज्य करूं असें म्हणणारा फियाना फॉलहि १९८९ सालीं दुसऱ्या पक्षाशीं हातमिळवणी करता झाला. आणि २०२० सालीं जें घडलें तें मल्काहींना स्वप्नांतहि दिसलें नसतें : फियाना फॉल आणि फिने गेल, यादवीचीं तीं दोन कुळें, ग्रीन पक्षाला बरोबर घेऊन प्रथमच एका मंत्रिमंडळांत बसलीं. पंतप्रधानपद आधीं कोणाकडे व पुढें कोणाकडे हें त्यांनीं आधींच कागदावर ठरविलें होतें. त्याप्रमाणें १७ डिसेंबर २०२२ रोजीं मायकेल मार्टिन यांनीं पद सोडलें व तें लिओ वराडकर यांच्याकडे आलें. या वराडकरांचे वडील आपल्या मालवण तालुक्यांतील वराड गांवचे, हें आपणांस ठाऊक असेलच. त्याच दिवशीं अर्थखातें फिने गेलच्या पास्कल डॉनहू यांच्याकडून फियाना फॉलच्या मायकेल मॅकग्रा यांच्याकडे गेलें, आणि सरकारी खर्चाचें खातें मॅकग्रांकडून डॉनहूंकडे आलें.

१९५१ च्या मार्चांत तीन खुर्च्या बदलल्या त्या एकाच भिंतीच्या आंत. २०२२ च्या डिसेंबरांत खुर्च्या भिंत ओलांडून गेल्या आणि सरकार डळमळलें नाहीं. मधल्या एकाहत्तर वर्षांत आंवळे कांहीं चौकोनी झाले नव्हते. पण मोट बांधावयाची तर आधीं बोलावें, बोललेलें लिहावें आणि लिहिलेलें पाळावें, एवढें ते लोक शिकले होते. तो धडा त्यांना महाग पडला. त्याची किंमत एका डॉक्टरानें आपल्या मंत्रिपदानें दिली, आणि ज्यांना औषध मिळावयाचें राहिलें त्या आयांनीं व मुलांनीं त्याहून अधिक दिली. तेरा नांवांची यादी वाचतांना, त्या यादींत नसलेल्या या आयांची आठवण ठेवावी, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.